खेळ थांबला २०११ मध्ये, करार संपला २०१७ मध्ये: ख्रिस प्राँगर आणि 'सॅलरी कॅप'चे गणित

नोव्हेंबर २०१५ मध्ये टोरंटोत ख्रिस प्राँगरला आइस हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल करून घेतले. हा मान कारकीर्द संपलेल्या खेळाडूंना मिळतो. पण त्या संध्याकाळी कागदोपत्री प्राँगर ॲरिझोना कायोटीज या संघाचा करारबद्ध खेळाडू होता. त्या संघासाठी तो एक मिनिटही खेळला नव्हता आणि पुढेही खेळणार नव्हता. शेवटचा सामना खेळून चार वर्षे होत आली होती, निवृत्तीचा अर्ज मात्र त्याने दिलाच नव्हता. वर तो नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, शिस्तीचे निर्णय घेणाऱ्या खात्यात नोकरीही करत होता.

या खेळात नवख्या असलेल्या माणसाला हे ऐकून चक्रावल्यासारखे होते. एनएचएलने २०२५-२६ च्या हंगामापासून जखमी खेळाडूंबाबतची सवलत आवळली आणि बाद फेरीलाही पगारमर्यादा, म्हणजे 'सॅलरी कॅप', लावली, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आला. तो समजून घ्यायला प्राँगरच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण नाही. आधी खेळ पाहू, मग हिशेब.

## बचावपटूचे काम नेमके काय

बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण असतात: तीन आक्रमक, दोन बचावपटू आणि एक गोलरक्षक. सामना ६० मिनिटांचा, २० मिनिटांच्या तीन भागांत. या खेळात इतका दम लागतो की खेळाडू साधारण पाऊण मिनिट खेळून बाकावर परततो आणि त्याच्या जागी दुसरा उतरतो. सामन्याला १२ आक्रमक असतात, बचावपटू मात्र फक्त सहा. त्यामुळे चांगल्या बचावपटूच्या वाट्याला आक्रमकापेक्षा जास्त मिनिटे येतात. पहिल्या जोडीतला बचावपटू २४-२५ मिनिटे खेळला तर ते भरपूर मानले जाते. प्राँगरने १९९९-२००० च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ३० मिनिटांहून अधिक खेळ केला. म्हणजे त्याच्या संघाचा निम्मा सामना तो बर्फावर असताना झाला.

'बचाव' म्हणजे गोलासमोर भिंत होऊन उभे राहणे, असा एक समज आहे. खरे काम अंतर राखण्याचे. समोरचा खेळाडू पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, घेऊन अंगावर येत असतो आणि बचावपटू त्याच्याकडे तोंड करून त्याच वेगाने उलटा घसरत असतो. फार जवळ गेला की समोरचा हुलकावणी देऊन निघून जातो. फार लांब राहिला की त्याला नेम धरायला जागा मिळते. कबड्डीतला कोपऱ्यातला खेळाडू चढाईवाल्यावर झेप घ्यायची घाई करत नाही, त्याला रेषेकडे ढकलत नेतो, तसेच हे. प्राँगर ६ फूट ६ इंच उंच, वजन १०० किलोच्या घरात. लांब हातात लांब काठी असल्यामुळे तो दूर राहूनही पक काढून घेऊ शकत असे.

पण त्याची किंमत वाढली ती पुढच्या कामामुळे. पक हिसकावल्यावर दोन-तीन विरोधक अंगावर येत असताना पहिला पास अचूक, सपाट आणि वेगाने आपल्या माणसाच्या काठीवर द्यायचा असतो. तो चुकला तर पक आपल्याच गोलाजवळ विरोधकाच्या ताब्यात. प्राँगर हा पास देताना घाबरत नसे. आणि त्याच्या दंडेलीबद्दल गोडगोड बोलण्यात अर्थ नाही. लीगने त्याला कारकिर्दीत आठ वेळा निलंबित केले. त्यातले २००८ मधले आठ सामन्यांचे निलंबन विरोधकाच्या पायावर स्केट मारल्याबद्दल होते.

## ड्रायडनचा मुलगा

प्राँगरचा जन्म १० ऑक्टोबर १९७४ चा, कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या ड्रायडन या कागद गिरणीच्या गावचा. थोरला भाऊ शॉनही पुढे एनएचएलमध्ये खेळला. पीटरबरो पीट्स या कनिष्ठ गटाच्या संघातून १९९३ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत हार्टफर्ड व्हेलर्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. पहिला क्रमांक अलेक्सांद्र देगचा होता, आणि दुसऱ्या क्रमांकाला कोणी लक्षात ठेवत नाही अशा अर्थाचे देगचे बोलणे आजही त्याच्याच नावावर फिरते आहे.

१९९५ मध्ये हार्टफर्डने प्राँगरला सेंट लुइस ब्लूजकडे दिले आणि बदल्यात ब्रेंडन शानाहान घेतला. शानाहान प्रेक्षकांचा लाडका, त्यामुळे नव्या पोराची सुरुवातीला हुर्यो उडाली. दोनच वर्षांत तो कर्णधार झाला.

मे १९९८ मध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात एक फटका थेट त्याच्या छातीवर आला. पक म्हणजे ३ इंच व्यासाची, इंचभर जाडीची, सुमारे १७० ग्रॅमची कडक रबरी चकती. उसळू नये म्हणून ती आधी गोठवून ठेवतात. प्राँगर दोन पावले गेला आणि कोसळला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात सेकंदाच्या दोन-चार शतांशांचा असा एक क्षण असतो की तेव्हाच छातीवर नेमक्या जागी आघात झाला तर हृदयाची लय बिघडते. हाड मोडत नाही, वरून जखमही दिसत नाही. क्रिकेटच्या चेंडूनेही हे होऊ शकते. अशा वेळी छाती दाबत राहणे आणि विजेचा झटका देणारे यंत्र लवकर आणणे हाच उपाय. प्राँगर काही क्षणांतच शुद्धीवर आला आणि त्याच मालिकेत पुन्हा खेळला.

१९९९-२००० मध्ये त्याने १४ गोल आणि ४८ गोलसाहाय्ये अशी ६२ गुणांची कमाई केली. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक आणि लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक, दोन्ही त्याला मिळाले. बॉबी ऑरने १९७२ मध्ये हार्ट जिंकल्यानंतर तो मिळवणारा हा पहिला बचावपटू. यारोमिर यागरपेक्षा मतदानात त्याला फक्त एक गुण जास्त होता.

## पगारमर्यादा कुठून आली

२००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात वाया गेला. एकही सामना झाला नाही. तडजोड झाली तेव्हा दोन गोष्टी आल्या: चालू करारांतल्या रकमा २४ टक्क्यांनी कापल्या गेल्या आणि 'सॅलरी कॅप' लागू झाली. म्हणजे एका संघाने एका हंगामात खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. पहिल्या वर्षी ती ३.९ कोटी डॉलर होती. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम असते, तोच विचार. फरक असा की इथे लिलाव नसतो, करार त्या काळी सात-आठ किंवा त्याहून जास्त वर्षांचे असू शकत आणि हिशेब रोजच्या रोज चालतो.

मर्यादेला तळही असतो. अमुक रकमेपेक्षा कमी खर्च करायचा नाही, म्हणजे गरीब किंवा कंजूष मालकाने स्वस्तातली पोरे घेऊन हंगाम उरकू नये. हा तळ पुढे कामाला येणार आहे.

सेंट लुइसने २००५ मध्ये प्राँगरला एडमंटनकडे दिले. तिथून २००६ मध्ये तो ॲनाहाइमला आणि २००९ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सकडे गेला. या तिन्ही संघांनी तो आल्याच्या पहिल्याच हंगामात स्टॅनली कपची, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाची, अंतिम फेरी गाठली. एडमंटन हरले, ॲनाहाइम २००७ मध्ये जिंकले, फिलाडेल्फिया २०१० मध्ये शिकागोकडून हरले. २००६ च्या अंतिम फेरीत त्याने पेनल्टी शॉटवर गोल केला. स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत पेनल्टी शॉटवर गोल होण्याची ती पहिलीच वेळ, आणि तोही बचावपटूकडून. याशिवाय कॅनडासाठी २००२ आणि २०१० ची ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९९७ चे विश्वविजेतेपद.

## फिलाडेल्फियाचा सात वर्षांचा कागद

जुलै २००९ मध्ये फ्लायर्सने त्याच्याशी सात वर्षांचा, सुमारे ३.४५ कोटी डॉलरचा करार केला. तो २०१०-११ पासून सुरू होणार होता. रकमांची मांडणी अशी: पहिली दोन वर्षे ७६ लाख डॉलर, मग ७२ लाख, ७० लाख, ४० लाख, आणि शेवटची दोन वर्षे लीगच्या किमान पगाराइतकी, म्हणजे जेमतेम सव्वापाच-पावणेसहा लाख.

असे का? कारण मर्यादेच्या हिशेबात दर वर्षी प्रत्यक्ष दिलेला पगार धरत नाहीत, कराराची सरासरी धरतात. तिला 'कॅप हिट' म्हणतात. समजा सोसायटीने लिफ्ट बसवली आणि कंत्राटदाराला बहुतेक पैसे पहिल्या चार वर्षांत दिले, पण सभासदांच्या मासिक बिलात तो खर्च सात वर्षांवर सारखा वाटून लावला. प्राँगरची लिफ्ट ३.४५ कोटींची, भागिले सात म्हणजे वर्षाला सुमारे ४९ लाख. पहिल्या वर्षी त्याच्या हातात ७६ लाख पडले, संघाच्या मर्यादेतून मात्र ४९ लाखच गेले. शेवटची दोन स्वस्त वर्षे ही सरासरी खाली ओढण्यासाठीच होती. बेचाळिसाव्या वर्षी तो खेळेल असे कोणालाच वाटत नव्हते.

ही युक्ती त्या काळी बऱ्याच संघांनी वापरली. मात्र करार करणाऱ्या वयस्कांसाठी एक फास ठेवलेला होता. खेळाडू ३५ किंवा त्याहून मोठा असताना करार सुरू होत असेल तर तो मध्येच निवृत्त झाला तरी कॅप हिट संघाच्या डोक्यावर राहतो. सही केली तेव्हा प्राँगर ३४ वर्षांचा होता. पण नियम सहीच्या दिवसाचे वय बघत नाही. करार ज्या हंगामात सुरू होतो त्याआधीच्या ३० जूनचे बघतो. ३० जून २०१० ला तो ३५ पूर्ण होता. सहीची तारीख बघून निश्चिंत झालेला माणूस इथेच फसतो.

## २४ ऑक्टोबर २०११

प्राँगर त्या हंगामात फ्लायर्सचा कर्णधार झाला होता. टोरंटोविरुद्ध खेळताना मिखाईल ग्राबोव्स्कीने फटका मारला आणि फटक्यानंतर वर आलेली काठी प्राँगरच्या उजव्या डोळ्यावर बसली. त्याने चेहऱ्यापुढे व्हायझर, म्हणजे पारदर्शक ढाल, लावलेली नव्हती. तेव्हा ती ऐच्छिक होती. नव्या खेळाडूंना ती सक्तीची झाली २०१३-१४ पासून. नोव्हेंबरात तो व्हायझर लावून परतला, पण १९ नोव्हेंबरचा विनिपेगविरुद्धचा सामना शेवटचा ठरला. डिसेंबरात फ्लायर्सनी जाहीर केले की त्याला मेंदूला बसलेल्या धक्क्याचा तीव्र त्रास आहे.

मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. पाणी भरलेल्या डब्यात पनीरचा तुकडा ठेवून डबा झटक्यात थांबवा. डब्याला पोचाही येत नाही, पण तुकडा भिंतीवर आदळतो. म्हणून बाहेरून काही दिसत नसताना आत नुकसान झालेले असते. डोकेदुखी, उजेड आणि गोंगाट सहन न होणे, नजर स्थिर न राहणे, चिडचिड, हे सगळे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहू शकते. आणि ज्या बचावपटूला डोळ्याच्या कोपऱ्यातून येणारा माणूस दिसत नाही त्याला बर्फावर पाठवणे म्हणजे पुढच्या धक्क्याला आमंत्रण. १,१६७ सामने, १५७ गोल, ६९८ गुण. इथे खेळ संपला.

## मग त्याने निवृत्ती का जाहीर केली नाही

पहिले कारण उघड आहे. या लीगमधले करार सहसा हमीचे असतात. जखमी खेळाडूला पगार मिळतो. स्वतःहून निवृत्त झाला तर उरलेली रक्कम सोडावी लागते. २०११-१२ नंतर प्राँगरचे सुमारे १.९ कोटी डॉलर यायचे होते. कामावर अपंगत्व आलेल्या माणसाने राजीनामा देऊन भरपाई सोडावी असे आपण कोणाला सुचवू?

दुसरे कारण त्या पस्तिशीच्या नियमात आहे. तो निवृत्त झाला असता तर फ्लायर्सना पगार द्यावा लागला नसता, पण ४९ लाखांची कॅप हिट २०१७ पर्यंत तशीच राहिली असती आणि तिच्यावर कसलीही सवलत मिळाली नसती. 'जखमी' राहिला तर सवलत होती. म्हणजे खेळाडू आणि संघ, दोघांचाही फायदा तो अर्ज न देण्यातच होता.

## जखमींची सवलत: रजेवरचे शिक्षक, बदलीचे शिक्षक

शाळेतले शिक्षक दीर्घ रजेवर गेले तर त्यांचे पद मंजूर यादीत भरलेलेच दिसते, पण मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून रजेच्या काळापुरता दुसरा नेमता येतो. एनएचएलची दीर्घकालीन जखमींची यादी अशीच आहे. किमान २४ दिवस आणि १० सामने मुकणाऱ्या खेळाडूला तिच्यात टाकता येते. त्याची कॅप हिट पुसली जात नाही, फक्त तेवढ्या प्रमाणात मर्यादा ओलांडायची परवानगी मिळते.

'तेवढ्या प्रमाणात' इथे बहुतेकांची गल्लत होते. समजा मर्यादा १०० रुपये आहे, जखमी खेळाडू ७ रुपयांचा आहे आणि त्याला यादीत टाकताना संघाचा खर्च त्याच्यासह ९८ आहे. आता १०७ पर्यंत जाता येईल का? नाही. आधीची शिल्लक २ रुपये सवलतीतून वजा होते, त्यामुळे १०५. खर्च आधी बरोबर १०० पर्यंत नेऊन ठेवला असता तर १०७ मिळाले असते. म्हणून संघ हंगामाच्या आदल्या दिवशी दोन पोरांना खालच्या लीगमधून वर आणतात आणि भांडे काठोकाठ भरतात. यादीचा कागद गेला की त्यांना परत पाठवतात. वर्तमानपत्रात ही ये-जा विनाकारण वाटते, पण तिच्यामागे हेच गणित असते.

## सवलत आहे, मग फ्लायर्सना तो नकोसा का झाला

कारण सवलत फुकट नसते. सवलत न वापरणाऱ्या संघाचा रोज थोडा थोडा पैसा वाचतो, तो साठतो आणि हंगामाच्या शेवटी मोठ्या खेळाडूसाठी वापरता येतो. सवलतीवर जगणाऱ्या संघाचे काहीच साठत नाही. खेळाडूंचे बोनस मर्यादेबाहेर गेले तर ते पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतात. उन्हाळ्यात तर ही सवलत बहुतांशी निरुपयोगीच असते, आणि नवे खेळाडू घेण्याचा मोसम नेमका तोच.

म्हणून २७ जून २०१५ ला फ्लायर्सनी प्राँगर आणि निकलास ग्रोसमन यांना ॲरिझोनाकडे दिले आणि सॅम गॅनियर घेतला. दोनच दिवसांनी प्राँगरची हॉल ऑफ फेमसाठी निवड जाहीर झाली.

## न खेळणारा माणूस ॲरिझोनाने का घेतला

मार्चअखेर आठवा. अनुदान खर्च झाले नाही तर अडचण, म्हणून कार्यालयात एकाएकी खुर्च्या-कपाटांची बिले निघतात. ॲरिझोनाची अडचण त्याच जातीची होती. २०१५-१६ मध्ये कमाल मर्यादा ७.१४ कोटी डॉलर आणि तळ ५.२८ कोटी. पैसा कमी असलेल्या संघाला तळ गाठायचा होता, पण खिसा रिकामा न करता. प्राँगरच्या शेवटच्या दोन वर्षांचा प्रत्यक्ष पगार वर्षाला सुमारे ५.७५ लाख, हिशेबात मात्र ४९ लाख धरले जाणार. पावणेसहा लाख देऊन ४९ लाखांचा खर्च दाखवता येत असेल तर असे कपाट कोण घेणार नाही? पुढे याच संघाने डॅट्सुक, होसा या न खेळणाऱ्या खेळाडूंचेही असे करार गोळा केले.

## लीगची नोकरी चालते कशी, आणि हॉल ऑफ फेम?

ऑक्टोबर २०१४ मध्ये, फ्लायर्सच्या करारात असतानाच, प्राँगर शिस्त खात्यात रुजू झाला. फ्लायर्सच्या खेळाडूंविषयीच्या निर्णयांत त्याने भाग घ्यायचा नाही अशी अट होती. आठ वेळा शिक्षा भोगलेला माणूस शिक्षेचा विचार करायला बसवला म्हणून चेष्टाही झाली. माझ्या मते अनुभव हा मुद्दा योग्यच होता. खटकते ती दुसरी बाजू. ज्या संघाच्या पगारपत्रकावर नाव आहे त्या संघाचे प्रतिस्पर्धी त्याच्यासमोर येणारच होते. नुसत्या अटीने तो प्रश्न सुटत नाही.

हॉल ऑफ फेमचे उत्तर साधे आहे. तिथे निवृत्तीचा कागद विचारत नाहीत. शेवटच्या सामन्यानंतर तीन हंगाम गेले की नाही ते बघतात.

## ही सरळ फसवणूक नाही का

दुखापत खरी होती, करार नियमात होता, अदलाबदल उघड होती. फसवणूक म्हणता येत नाही. पण नियमाच्या अक्षराला धरून नियमाच्या हेतूला कसा वळसा घालता येतो, हे लीगलाही कळले. न्यू जर्सी संघाने कोवालचुक या आक्रमकाशी केलेला १७ वर्षांचा करार लीगने २०१० मध्ये नाकारला आणि लवादानेही लीगची बाजू घेतली. मालक आणि खेळाडू यांच्या २०१३ च्या नव्या तहात कराराची मुदत स्वतःच्या खेळाडूसाठी आठ वर्षे आणि बाहेरच्यासाठी सात वर्षे अशी बांधली गेली, वर्षावर्षातल्या पगाराच्या चढउतारावर बंधन आले आणि असे जुने करार मध्येच संपले तर संघाला वाचवलेले पैसे मर्यादेत परत भरायला लावले. गोलरक्षक लुआँगो २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा व्हँकूव्हरला तीन वर्षे सुमारे ३० लाख डॉलर सोसावे लागले. बघा, लुआँगोने प्रामाणिकपणे कागद दिला म्हणून त्याच्या जुन्या संघाला दंड, आणि जे 'जखमी' राहिले त्यांच्या संघांना नाही.

मोठी भोके बाद फेरीत होती, कारण तिथे मर्यादाच नव्हती. टँपा बेचा कुचेरोव्ह २०२०-२१ चा पूर्ण साखळी हंगाम जखमींच्या यादीत होता, बाद फेरीच्या पहिल्या सामन्याला परतला, आणि टँपा कप जिंकले. आता बाद फेरीतही त्या सामन्यात उतरणाऱ्यांच्या पगाराची बेरीज मर्यादेत बसावी लागते. जखमींची पूर्ण सवलतही फक्त बाद फेरीसह उरलेला सगळा हंगाम मुकणाऱ्यांसाठी मिळते.

प्राँगरचा करार २०१७ मध्ये संपला. त्याच वर्षी तो फ्लोरिडा पँथर्सच्या व्यवस्थापनात गेला आणि २०२० पर्यंत तिथे होता. जानेवारी २०२२ मध्ये सेंट लुइसने त्याचा ४४ क्रमांक कायमचा छताला टांगला. जुन्या पद्धतीचे करार मात्र अजून पुरते संपलेले नव्हते. बचावपटू शेआ वेबरचा १४ वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा करार २०१२ चा, शेवटचा सामना जुलै २०२१ चा. नंतर त्याचा कागद माँट्रियलहून व्हेगासला, तिथून ॲरिझोनाला, मग युटाला गेला. २०२४ मध्ये हॉल ऑफ फेमने त्याला घेतले तेव्हा तो युटाचा खेळाडू होता, आणि पुढच्या मार्चमध्ये युटाने त्याला शिकागोला देऊन टाकले.